‘एक्सपंज’ आणि ‘सील’ : गुन्ह्याची नोंद पुसायची की झाकायची?

दौत : अमेरिकेतल्या कायद्याचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. जुन्या गुन्ह्याची नोंद हटवून घेण्याचे मार्ग असा विषय आहे. ‘एक्सपंज’ आणि ‘सील’ हे दोन शब्द पानोपानी येतात. पहिल्या खर्ड्यात मी एकाला ‘नोंद काढणे’ आणि दुसऱ्याला ‘नोंदीवर शिक्कामोर्तब’ असं लिहून मोकळी झाले. वाचून नवरा म्हणाला, “शिक्कामोर्तब झालं म्हणजे गुन्हा पक्काच झाला की!” तेव्हापासून गाडी अडलीय.

बोरू : यजमानांचं बरोबर आहे. जुन्या पत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तबाचंच वाक्य. दोन्ही उमटली की पत्र पक्कं, पुढे कुणी ओळ घुसडायची सोय नाही. म्हणजे शिक्कामोर्तब मान्यतेचं, लपवण्याचं नव्हे. तुम्हाला हवा तो शब्द ‘मोहोरबंद’. नुसतं ‘सील केलं’ म्हणाल तर दुकानाला टाळं ठोकलेलं डोळ्यांसमोर येतं.

शेरा : ‘पाटी कोरी करणे’ आहे ना, सगळ्यांना कळतं.

खतावणी : कळतं, पण जास्त कळतं, तीच अडचण. (मी वकिली करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.) पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये ठरावीक नोंदी आपोआप सील करायचा कायदा केला, त्याचं नावच ‘क्लीन स्लेट’, म्हणजे कोरी पाटी. पण आत काय आहे? नोंदी सामान्य लोकांच्या नजरेआड होतात, नष्ट होत नाहीत. पाटीवर फडकं टाकलंय, पुसलेली नाही. कायद्याला असं गोड नाव शोभतं, पत्रकातल्या सूचनेला नाही.

त्यात राज्याराज्यांत अर्थ फिरतो. इलिनॉयच्या कायद्यात ‘एक्सपंज’ म्हणजे कागद प्रत्यक्ष नष्ट करणं किंवा अर्जदाराला परत देणं, आणि सरकारी सूचीतून त्याचं नाव खोडणं. ‘सील’ म्हणजे कागद जपून ठेवायचे, पण सर्वसाधारणपणे न्यायालयाच्या आदेशाविना दाखवायचे नाहीत. दोन शब्द, दोन कामं, छान. पण कॅलिफोर्नियात लोक दंडसंहितेच्या कलम 1203.4 ला सर्रास एक्सपंजमेंट म्हणतात, आणि तिथे पुसलं काहीच जात नाही. दोषसिद्धी मागे घेऊन खटला निकाली काढतात, नोंद राहते, वर निकालाची ओळ चढते. सार्वजनिक पदासाठी अर्ज करताना ती दोषसिद्धी सांगावीच लागते. आता हे ‘पाटी कोरी’ म्हणून छापलंत आणि कुणी अर्जात ‘नाही’ लिहून बसला, तर अडचणीत तो येईल, शब्द नव्हे.

दौत : बाप रे. म्हणजे प्रत्येक राज्याला वेगळा शब्द?

खतावणी : शब्द नाही, क्रियापद वेगळं. कागदाचं काय होतं ते विचारा. जाळला तर ‘नष्ट करणे’. कपाटात घालून किल्ली न्यायालयाकडे दिली तर ‘मोहोरबंद करणे’. कागद तिथेच आणि परिणाम संपला तर तिसरंच काही. ब्रिटनच्या 1974 च्या कायद्यात मुदत उलटलेल्या दोषसिद्धीला ‘स्पेंट’ म्हणतात, मी तिला ‘कालबाह्य’ म्हणेन. कॅनडाने तर 2012 मध्ये ‘पार्डन’ शब्द काढून ‘रेकॉर्ड सस्पेन्शन’ आणला. ‘माफी’ जाऊन ‘नोंद स्थगित’ आली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या माफीनेसुद्धा नोंद पुसली जात नाही, हेही पत्रकात जरूर घाला.

बोरू : ‘एक्सपंज’चं मूळ ऐकण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये टोचणे, टिंब काढणे. लेखनिक चुकलेल्या अक्षराला टिंबं द्यायचा, म्हणजे हे वाचू नका. अक्षर तिथेच! आपल्याकडे पोथीत चुकलं की हरताळ लावत. हरताळ म्हणजे ती पिवळी खनिज भुकटी. लेप वाळला की त्यावरच नवं अक्षर. आजोळच्या एका पोथीत मी ते पिवळे ठिपके पाहिलेत, एके ठिकाणी पोपडा उडून खालचा ‘न’ डोकावत होता. सील केलेल्या नोंदी माणसांची पूर्वपीठिका तपासणाऱ्या खासगी कंपन्यांच्या जुन्या याद्यांतून अशाच डोकावत असणार. ‘हरताळ फासणे’ हा खरा एक्सपंज, पण आता वापरता येणार नाही. ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणून म्हणून आपण त्याला पार बदनाम केलंय.

शेरा : ‘बोळा फिरवणे’?

बोरू : केल्या कामावर बोळा फिरतो, अहो. नुकसानीचा शब्द तो.

दौत : आपल्या कोर्टात काय म्हणतात? तिथलाच शब्द उचलला तर?

खतावणी : उचलायला तसा शब्दच नाही, कारण सज्ञान माणसाची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी पुसून देणारी सर्वसाधारण तरतूद भारतात नाही. जवळचे आहेत ते असे. उच्च न्यायालय गुन्हा ‘रद्दबातल’ करतं, पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली. पण ते एक्सपंज नव्हे, मूळ कारवाईच मोडीत काढणं आहे. 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम 12 दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करतं. तिथे डाग राहतो, अडसर जातो. खरोखर ‘नष्ट’ हा अर्थ सापडतो तो 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24 मध्ये. अपिलाची मुदत संपल्यावर मुलाच्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करायचे. सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचं बाल न्यायालयाने ठरवलं असेल तर मात्र ते जपले जातात.

बातम्यांतला गोंधळ तर विचारू नका. खटला उभा राहण्याआधीच सुटला तरी ‘दोषमुक्त’, पुरावे तपासून निकालात सुटला तरी ‘दोषमुक्त’. मी पहिल्याला ‘आरोपमुक्त’ म्हणते, दुसऱ्याला ‘निर्दोष मुक्तता’. आणि ‘प्रकरण दप्तरी दाखल’ म्हणजे तर नुसतं बासनात बांधलं, उद्या परत सुटू शकतं.

शेरा : चारित्र्य पडताळणीच्या अहवालात ‘निरंक’ लिहितात, तो शब्द मला आवडतो.

खतावणी : मलाही. पण ‘निरंक’ म्हणजे रकान्यात काही नाही, एवढंच. कधी काही नव्हतं की होतं ते गेलं, हे तो सांगत नाही.

दौत : एक शंका राहिली. ‘नोंदीतून नाव काढणे’ चालेल?

बोरू : पोरानं नाव काढलं म्हणजे वंश उजळला, आणि ‘त्याचं नाव काढू नकोस’ म्हणजे विषय बंद! ‘काढून टाकणे’ किंवा ‘वगळणे’ लिहा.

दौत : मग इलिनॉयच्या भागात असं केलंय : “नोंद नष्ट करणे (एक्सपंज) : कागद नष्ट होतात किंवा तुम्हाला परत मिळतात, आणि सूचीतून नाव वगळलं जातं. नोंद मोहोरबंद करणे (सील) : कागद राहतात, पण सहसा न्यायालयाच्या आदेशाशिवाय लोकांना दाखवले जात नाहीत.” कॅलिफोर्नियाला ‘एक्सपंज’ शब्द ठेवलाय, पण लगेच पुढे ‘नाव तसं असलं तरी नोंद राहते’ हे ठळक केलंय.

खतावणी : चालेल. फक्त ‘मोहोरबंद’ नवऱ्याला एकदा वाचायला द्या.

दौत : दिलं. म्हणाला, “लिफाफा का?” कळलं त्याला.