अनुभव धागा: छोट्या गाडीला मोठी चाकं, रुंद टायर (ठाणे-नवी मुंबई)

खारेगावकर:
माझी २०१९ ची वॅगन आर, एलएक्सआय सीएनजी. चारही टायर बदलायला आलेत. कंपनीचा साइज १५५/८० आर १३ (म्हणजे १५५ मिमी रुंद, रबराची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची). परवा वागळे इस्टेटमध्ये टायर बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "दादा, टायर घेताच आहात तर पंधरा इंची अलॉय टाका, १९५/५५. गाडी रस्त्याला चिकटून चालेल." मुलाला रिम फार आवडल्या. मला मात्र रोज मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे असं जायचं असतं, आणि महिन्यातून दोनदा आई-बाबा मागच्या सीटवर असतात. बाबांची कंबर नाजूक आहे.

छोट्या गाडीला मोठी चाकं लावून इथल्याच रस्त्यांवर निदान एक पावसाळा ज्यांनी काढला आहे, त्यांनी कृपया लिहा. कशावरून कशावर गेलात, काय मिळालं, काय गेलं. ऐकीव नको, स्वतःचं हवं.

घोडबंदरवासी:
स्विफ्ट २०१८, व्हीएक्सआय. मूळ १६५/८० आर १४. मी थेट सतरा इंचांवर गेलो, २०५/४५. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो (६२० मिमीच्या जागी ६१६), म्हणून स्पीडोमीटरला धक्का लागत नाही, हे दुकानदाराने सांगितलं ते खरंच होतं. पण व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की मधलं रबर कमी होतं. आधी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिमी उंच रबर होतं, नंतर ९२ उरलं. दोन बोटांहून जास्त रबर मी पैसे मोजून काढून टाकलं.

पहिले सहा महिने गाडी सुंदर चालली, हे कबूल करतो. माजिवड्याच्या पुलावर वळताना झुकायची ती झुकेना. मग जुलै आला. रात्री साडेनऊला गायमुखच्या घाटात, पुढे ट्रेलर, खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला. डावीकडची दोन्ही चाकं लागोपाठ आत गेली. हवा सुटली नाही म्हणून तसाच घरी आलो. सकाळी पार्किंगमध्ये वाकून पाहिलं, तर पुढच्या टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा, मागच्याला त्याहून लहान, आणि रिमची आतली कड चपटी. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात रबर चिमटलं की आतले धागे तुटतात. फुगा येतो तो तिथेच. त्याला पॅच चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. रिम ठोकून घेतली, तरी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं.

आता १८५/६५ आर १५ वर आहे. हा माझ्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा कंपनीचा साइज. मूळच्यापेक्षा वीस मिमी रुंद, व्यासात जेमतेम दोन मिमीचा फरक, आणि कुशीला १२० मिमी रबर. वळणावर सतरा इंचाची मजा नाही, पण गाडी घोडबंदर रोडची झाली. दोन पावसाळे झाले, एकही टायर गेलेला नाही.

सानपाड्याची शिक्षिका:
माझी जुनी आय-टेन. मूळ १५५/८० आर १३. रिम बदललीच नाही, त्याच लोखंडी रिमवर १७५/७० आर १३ टाकले. टायरवाल्याने आधी रिमची रुंदी मोजली आणि या टायरला ती चालते हे तक्त्यात बोट ठेवून दाखवलं, मगच टायर उघडला. व्यासात तीन मिमीचा फरक, तोही खाली.

पहिला फरक ब्रेकला जाणवला. वाशीच्या खाडीपुलावरून उतरताना पुढची गाडी अचानक थांबली तर पूर्वी माझा जीव वर यायचा. आता गाडी सरळ रेषेत थांबते. पण खरं सांगायचं तर जुने टायर अगदी गोटा झाले होते. खाचांच्या तळाशी खुणेच्या उंच पट्ट्या असतात, त्या रबराच्या बरोबरीला आल्या होत्या, म्हणजे खाच १.६ मिमीवर आलेली. त्यानंतर टायर कायद्यानेही चालत नाही. त्यामुळे हा फरक रुंदीचा किती आणि नव्या रबराचा किती, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही. पार्किंग करताना स्टिअरिंग किंचित जड लागतं, बाकी काही नाही.

ऐरोली १०:
वॅगन आर, तुमचंच मॉडेल. १६५/७० आर १४. वरच्या मॉडेलवरून उतरवलेल्या कंपनीच्याच रिम मिळाल्या. तीन वर्षं झाली, कुठे घासत नाही, कुठे आवाज नाही. डोळे मिटून करा.

घणसोलीचा इंजिनिअर:
वॅगन आर, १५५/८० आर १३ वरून १८५/६५ आर १४. मला हिशोबाची सवय आहे म्हणून आकडे देतो. मूळ चाकाचा व्यास ५७८ मिमी, नव्याचा ५९६. तीन टक्के वाढ. काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने तीन टक्के जास्त वेगात असते. स्पीडोमीटर मुळात थोडा वाढवूनच दाखवतो, म्हणून हे लगेच अंगाशी येत नाही. पण अटल सेतूवर १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, तिथे ही शिल्लक कामाला यायची, ती मी खाऊन टाकली.

अॅव्हरेजचंही तेच. माझा हिशोब सतराऐवजी सोळाच्या आसपास आला आणि मी घाबरलो. नंतर लक्षात आलं की किलोमीटरचा काटाही तीन टक्के कमी मोजतोय, म्हणजे निम्मी घट कागदावरचीच. उरलेली निम्मी खरी. चाक जड झालं, आणि ते प्रत्येक सिग्नलला शून्यापासून फिरवायचं असतं. ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नल किती, ते तुम्ही रोज बघता. एक लिटरच्या इंजिनाला ते दुसऱ्या गिअरमध्ये स्पष्ट कळतं. रबाळ्याचा पूल चढताना मी आता एक गिअर खाली घेतो.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, हा समज मी स्वतः बाळगून होतो. गाडीचं वजन तेच, हवा जवळपास तेवढीच, त्यामुळे रस्त्याला टेकणारा ठसा फार मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड. कोरड्या वळणावर ते चांगलं. साचलेल्या पाण्यात मात्र टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तो लवकर तरंगतो. ऑगस्टमध्ये पाम बीच रोडवर, नेरूळच्या पुढे, साधारण सत्तरच्या वेगात स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हातात जणू काहीच नाही. एक-दीड सेकंदच असेल. मी ब्रेक मारला नाही, पाय उचलला, म्हणून वाचलो. त्या दिवसापासून पावसात पन्नासच्या वर जात नाही.

उरण लाइन:
ऑल्टो ८००, बारा इंचावरून १६५/६५ आर १३. रोज उलवे ते जेएनपीटी. कंटेनरनी रस्त्यात चाकोऱ्या पाडल्यात. जुना १४५ टायर त्या सहज ओलांडायचा. नवा चाकोरी धरतो आणि सोडत नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. संध्याकाळी खांदे भरून येतात. पुढच्या वेळी परत १४५.

तुर्भ्याचा अलाइनमेंटवाला:
तीस वर्षं हेच काम करतोय, आणि स्वतःच्या सेलेरिओलाही एकदा मोठी चाकं लावून बसलो होतो, म्हणून लिहितो. लोक फक्त इंच विचारतात. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमचा गाडीला टेकणारा भाग तिच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे तो आकडा, कुणी विचारत नाही. ऑफसेट कमी असला की चाक मडगार्डच्या बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण गाडीचं वजन बेअरिंगवर तिरकं पडतं. माझ्या गाडीचं पुढचं बेअरिंग वर्षाच्या आत घूं घूं करायला लागलं, खालच्या आर्मचे रबरी बुश गेले ते वेगळे. स्पेसर (रिमच्या मागे घालायची चकती) तर लावूच नका.

टायर घासतो का ते दुकानाच्या सपाट फरशीवर कळत नाही. मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि त्याच अवस्थेत गाडी स्पीडब्रेकरवरून हळू न्या. मग टॉर्च घेऊन मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर बघा. मातीने माखलेल्या प्लास्टिकवर बोटभर रुंदीची काळी चकचकीत रेघ दिसली की समजायचं, टायर तिथे लागतोय. आतल्या बाजूला शॉकअपच्या नळीपासूनही बोटभर अंतर पाहिजे.

रिमचं मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) घट्ट बसलं पाहिजे. सैल असेल तर रिंग लावून घ्या, नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, थरथर जाणार नाही. आणि टायरवर साइजच्या पुढे जो आकडा असतो तो वाचा. ७९ म्हणजे एक टायर ४३७ किलो पेलतो. तुमची सीएनजी आहे, सिलिंडरचं वजन मागे आहेच. नवा आकडा जुन्यापेक्षा कमी नको.

नौपाड्यातून:
चाकांचं नाही, कागदांचं सांगते. आमच्या हॅचबॅकला बाहेरून सोळा इंची अलॉय लावले होते. कोपरीला अपघात झाला, पुढचं चाक आणि आर्म गेलं. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे पॉलिसीत नोंदवलंय का?" नोंदवलं नव्हतं. रिमचे पैसे नाहीतच, आणि बाकी दाव्यालाही दोन महिने चकरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलंय. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा साइज घेतलात तर दाखवायला निदान कंपनीचं पुस्तक हातात असतं. आणि अलॉय लावलेच तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

खारेगावकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. गायमुखचा लिंबाएवढा फुगा आणि पाम बीचचं हलकं झालेलं स्टिअरिंग वाचून रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. १९५ चा विचार सोडला. ऐरोलीकरांसारखंच, १६५/७० आर १४. व्यास ५८७ मिमी, म्हणजे वाढ दीड टक्का, आणि कुशीला ११५ मिमी रबर शिल्लक राहतं. अलॉयचे पैसे वाचले ते चांगल्या टायरमध्ये घातले. मुलाची समजूत घालायला थोडा वेळ लागला.

रिम पाच घेतल्या. सिलिंडरमुळे मागे जागा कमी, म्हणून चौदाची स्टेपनी बसते का ते आधी टेप लावून बघितलं. बसते. शनिवारी आई-बाबांना मागे बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं, सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली, टॉर्चने पाहिलं. रेघ नाही. काल मुंब्रा बायपासवरून आलो, बाबा काही बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून ही मोठी पावती आहे. खरी परीक्षा जूनपासून. पहिला मोठा पाऊस झाला की इथेच लिहीन.

तुर्भ्याचा अलाइनमेंटवाला:
चांगलं केलंत. शंभर किलोमीटर झाले की नट एकदा परत आवळून घ्या. नवीन रिम थोडी बसते. आणि हवा गाडी थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलाय त्यात १६५/७० चा आकडा वेगळा दिला असेल तर तो बघून.