अनोळखी माणसाची भीती: परदेशी निघालेल्या मुलीला काय सांगावे?

प्रश्न
माझी भाची उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली आहे. भेटायला येणारे बहुतेक सगळे, अगदी जाणती माणसेसुद्धा, ‘तिकडे काळ्यांपासून जपून राहा’ असे तिला बजावून जातात. एकट्या मुलीने परक्या शहरात सावध राहावे हे मलाही मान्य आहे. पण त्या निमित्ताने आपण तिच्या मनात एका अख्ख्या समाजाविषयी भीती पेरत आहोत, हे मला फार खटकते. तिला नेमके काय सांगावे?

प्रतिसाद १
वर्ण नव्हे, वागणे पाहायला सांगा. कोणी पाठलाग करत असेल, नको म्हटल्यावरही जवळ येत असेल, तर तो कोणत्याही वर्णाचा असो, तिने बेधडक दुकानात शिरावे, मदत मागावी. नुसता समोरून चालत येणारा माणूस यात बसत नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार जगभरात खून होणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा जीव जोडीदाराने किंवा कुटुंबातल्याच कोणी घेतलेला असतो. हे मात्र मुलींना कोणीच बजावत नाही.

प्रतिसाद २
या भीतीची झळ कोणाला बसते, हेही तिला कळू द्या. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पक्षिनिरीक्षणासाठी आलेल्या ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय गृहस्थांनी एका गोऱ्या स्त्रीला कुत्र्याला पट्टा बांधण्याची विनंती केली, तेव्हा ‘एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला आणि माझ्या कुत्र्याला धमकावत आहे’ असे तिने पोलिसांना फोनवर सांगितले. वर्णाचा उल्लेख केला की पोलीस काय समजतील, याची तिला पुरेपूर कल्पना होती, असे माझे स्पष्ट मत आहे. कूपर यांनी हा प्रसंग मोबाइलवर चित्रित केला होता, म्हणून तो जगाला दिसला. एरवी कोणाच्या शब्दावर विश्वास बसला असता?

प्रतिसाद ३
मी अमेरिकेतच राहतो. माझे एक कृष्णवर्णीय सहकारी दुकानातून निघताना पावती सहज दिसेल अशी हातात धरतात, आणि रात्री पुढे एकटी स्त्री चालत असली तर स्वतःच पलीकडच्या फुटपाथवर जातात. आपणही या नजरेतून सुटलेलो नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घालण्यात आल्या, कारण दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्याने त्यांना अरब मुस्लिम समजले होते. भाचीला हे जरूर सांगा. राहिला प्रश्न रात्रीचा: अनेक विद्यापीठांत उशिरा घरी परतणाऱ्यांना सोबत किंवा गाडी मिळण्याची सोय असते, त्याचा क्रमांक तिने पहिल्याच दिवशी टिपून ठेवावा.