मदत हवी आहे: कोपराच्या दुखण्यामुळे गोल्फ थांबले आहे, इंजेक्शन घ्यावे का?

हिरवळ (१४ ऑगस्ट, रात्री ९:४०)

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांपासून माझे उजवे कोपर दुखत असून त्यामुळे गोल्फ पूर्ण बंद पडले आहे. हा गोल्फर्स एल्बो आहे हे उघडच आहे, तेव्हा निदानाची चर्चा कृपया नको. या दुखण्यासाठी जालावर सांगितलेले व्यायाम, म्हणजे तळहात वर ठेवून मनगटाने वजन उचलणे आणि मऊ चेंडू दाबणे, मी पाच आठवडे न चुकता केले आणि त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन विश्रांती सांगितली. दुसऱ्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आणि आठवडाभरात खेळू लागाल असे आश्वासन दिले. आमच्या गटाची स्पर्धा सप्टेंबरअखेर आहे, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे उरले आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की इंजेक्शन घ्यावे की घेऊ नये. ज्यांनी ते स्वतः घेतले आहे त्यांनीच लिहावे, ही विनंती.

जुना_गडी (रात्री १०:१५)

मी घेतले आहे, म्हणून लिहितो. तिसऱ्या दिवशी दुखणे असे गेले की जणू कधी नव्हतेच, आणि त्या आनंदात मी एका शनिवार-रविवारी ३६ होल, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, खेळून काढले. चौथ्या महिन्यात ते परतले आणि येताना व्याजासकट आले. दुसरे इंजेक्शन घेतले, त्याचा परिणाम सहा आठवडे टिकला. तिसरे द्यायला डॉक्टरांनीच नकार दिला. माझ्या मते घेऊ नये.

तिरकस_चेंडू (रात्री १०:३२)

जुना_गडी यांनी ३६ होल खेळून कोपराचा बळी दिला आणि खापर इंजेक्शनवर फोडले, असे मला वाटते. मीही एकदा इंजेक्शन घेतले, त्यानंतर पूर्ण महिनाभर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरला नाही, आणि आज चार वर्षे झाली तरी दुखणे परतलेले नाही. हिरवळ, निःशंक घ्या.

भौतिकोपचारी (रात्री ११:०५)

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. निदानाची चर्चा नको असे आपण म्हणता, परंतु पाच आठवडे नेमाने केलेल्या व्यायामाने काहीच फरक पडला नसेल, तर व्यायामाआधी निदान तपासावे लागते. कृपया पुढील गोष्टी सांगाव्यात. आपले वय काय आणि दिवसभराचे काम कोणते? कोपराच्या आतल्या हाडापाशी दुखते की बाहेरच्या? करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येतात का? मान वळवल्यावर दुखणे वाढते का? मधुमेह किंवा अन्य काही आजार आहे का? दुखणे सुरू होण्यापूर्वी सरावात किंवा साधनांत काही बदल केला होता का?

हिरवळ (१५ ऑगस्ट, सकाळी ७:१०)

वय ५४. चाकणच्या एका कारखान्यात आराखडे तपासण्याचे काम आहे, त्यामुळे दिवसभर संगणकासमोर बसतो. मुंग्या येत नाहीत, मानेला काही त्रास नाही. बाकी सर्व गोल्फर्स एल्बोला असते तसेच आहे. इंजेक्शनबद्दल कोणी सांगेल का?

वैद्यकन्या (सकाळी ८:२०)

इंजेक्शनच्या मागे लागण्यापूर्वी निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून रोज दोन वेळा शेकावे आणि त्याआधी महानारायण तेल हलक्या हाताने जिरवावे. माझ्या आजोबांचा खांदा याच उपायाने मोकळा झाला होता.

तिरकस_चेंडू (सकाळी ८:४१)

वैद्यकन्या, खांदा आणि कोपर यांत एक अख्खा दंड असतो. शेकाने बरे वाटेल हे मान्य, पण रोगाचे मूळ जाईल असे समजू नये.

वैद्यकन्या (सकाळी ९:०२)

मूळ जाईल असे मी म्हटलेले नाही. आपल्या इंजेक्शनने तरी मूळ गेले, की महिनाभर क्लब न धरल्यामुळे गेले, हे आपण कशावरून ठरवलेत?

वाटाड्या (सकाळी ९:३०)

मुळात हिरवळ राखायला किती पाणी लागते याचा कोणी विचार केला आहे का? आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येते.

भौतिकोपचारी (सकाळी ९:५०)

वाटाड्या, विषय महत्त्वाचा आहे, परंतु कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा. हिरवळ, आत की बाहेर, हे अजून आपण सांगितलेले नाही.

कोपरखळी (सकाळी १०:२५)

माझे नाव पाहता या धाग्यावर मी लिहिलेच पाहिजे. साक्षात सचिनला या दुखण्याने जेरीस आणले होते. २००५ साली लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतरही तो किती वर्षे खेळला हे जगाला ठाऊक आहे. तेव्हा हिरवळ यांनी धीर सोडू नये.

तिरकस_चेंडू (सकाळी १०:४०)

सचिनचा तो टेनिस एल्बो होता. त्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखते, गोल्फर्स एल्बोत आतल्या बाजूची. शिवाय त्याचे डावे कोपर दुखत होते.

कोपरखळी (सकाळी १०:५२)

डावे कसे? तो लिहितो डाव्या हाताने हे खरे, पण फलंदाजी तर उजव्या हाताने करायचा.

जुना_गडी (सकाळी ११:१०)

म्हणूनच डावे. उजव्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वर असतो आणि तोच बॅटीला दिशा देतो. गोल्फमध्येही उजव्या खेळाडूचा डावा हात पुढचा, म्हणजे लक्ष्याच्या बाजूचा असतो. साधारणपणे त्याच्या मागच्या, उजव्या कोपराला आतून त्रास होतो, आणि पुढच्या, डाव्या कोपराला बाहेरून. आमच्या गटात दोन्ही प्रकारचे रुग्ण आहेत, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या प्रकारचे अधिक आहेत.

सॅनहोजेकर (सकाळी ११:३५)

इथे रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, पण हे वाचून राहवले नाही. हिरवळ, आपण उजव्या हाताने खेळता की डाव्या? आपले उजवे कोपर मागचे आहे असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले आहे.

हिरवळ (दुपारी १:१५)

मी डावखुरा खेळतो. लिहितो आणि जेवतो उजव्या हाताने, पण शाळेपासून क्रिकेटमध्ये डावी फलंदाजी करत असल्यामुळे गोल्फही तसेच शिकलो. त्याचा दुखण्याशी संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नाही. आता जेवणाच्या सुट्टीत कोपर चाचपून पाहिले. दुखते ते बाहेरच्या हाडावर आणि त्याच्या जरा पुढे. पण मी गोल्फ खेळतो. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात हातात धरलेली नाही.

सॅनहोजेकर (दुपारी १:२५)

यात नवल नाही. फिल मिकल्सन इतर सर्व कामे उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डावे खेळतो, कारण लहानपणी वडिलांसमोर उभे राहून तो आरशातल्यासारखी नक्कल करत असे. १९६३ साली ब्रिटिश ओपन जिंकणारे न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स हेही तसेच, मूळचे उजवे.

भौतिकोपचारी (दुपारी २:४०)

नावांवरून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. ही दुखणी खेळावरून ओळखू नयेत, कंडरा कोणती यावरून ओळखावीत. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगट वर उचलणारे स्नायू निघतात, आतल्या हाडापासून मनगट खाली वळवणारे. आपण पाच आठवडे जे व्यायाम केलेत ते आतल्या स्नायूंचे होते. दुखणाऱ्या कंडरेला हवा तो व्यायाम मिळालाच नाही. उलट चेंडू दाबताना मनगट स्थिर धरण्यासाठी बाहेरच्या स्नायूंवर ताण पडत राहिला. त्यामुळे व्यायाम निरुपयोगी ठरले असे म्हणता येणार नाही. ते दुसऱ्याच दुखण्याचे होते.

खात्रीसाठी एक साधी परीक्षा करावी. हात कोपरात सरळ ठेवून, तळहात जमिनीकडे करून, हलकी खुर्ची पाठीकडून उचलून पाहावी. बाहेरच्या हाडापाशी कळ आली, तर टेनिस एल्बोची शक्यता बळावते. अंतिम निदान मात्र प्रत्यक्ष तपासणीतच होईल. आणि सरावातील बदल व मधुमेह, हे दोन प्रश्न अनुत्तरित आहेत.

हिरवळ (सायंकाळी ६:५०)

खुर्ची जेमतेम वीतभर उचलली आणि खाली ठेवली. सौभाग्यवतींनी काय चालले आहे असे विचारले, त्याचे उत्तर देणे त्याहून कठीण गेले.

सरावाबद्दल सांगायचे तर जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मैदानावर चिखल असल्यामुळे मी एका रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, मॅटवरून सराव करू लागलो. आठवड्यातून चार संध्याकाळी, साधारण दीडशे चेंडू. मॅट जुनी झाली असून खालचे काँक्रीट जाणवते. त्याच सुमारास नवा संच घेतला. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. डावखुऱ्यांचे संच दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून परदेशी परतणाऱ्या एका गृहस्थाकडून घेतला. क्लबचे शाफ्ट, म्हणजे दांडे, स्टीलचे आणि ताठ आहेत, आणि ग्रिप, म्हणजे मुठी, गुळगुळीत झाल्या आहेत. थोडी शुगर आहे, गोळी चालू आहे, पण तिचा कोपराशी काय संबंध?

जुना_गडी (सायंकाळी ७:१५)

हे सगळे पहिल्याच दिवशी लिहिले असते, तर सचिनला बोलवावे लागले नसते.

भौतिकोपचारी (रात्री ९:२०)

आता चित्र स्पष्ट होते. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीत रुतला, तर मातीचा तुकडा उडतो आणि बराचसा जोर मातीत जिरतो. जुन्या मॅटवर तोच क्लब काँक्रीटवर आपटून उसळतो, आणि तो धक्का पुढच्या हाताच्या, म्हणजे डावखुऱ्या खेळाडूच्या उजव्या हाताच्या, मनगटातून थेट कोपरापर्यंत येतो. शिवाय मॅटवर क्लब घसरून चेंडू बरा जातो, त्यामुळे फटका चुकला हे खेळणाऱ्याला कळतही नाही. त्यात ग्रिप गुळगुळीत, म्हणजे हात नकळत अधिक आवळला जातो. दीडशे चेंडू, आठवड्याला चार वेळा, म्हणजे सहाशे धक्के. शिवाय दिवसभर त्याच हातात माउस.

शुगरचा संबंध दोन प्रकारे आहे. मधुमेहात कंडरांची दुखणी अधिक आढळतात आणि ती रेंगाळतात. दुसरे असे की स्टेरॉइडचे इंजेक्शन कोपरात दिले तरी पुढचे काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते. ते सुचवणाऱ्या डॉक्टरांना आपण मधुमेहाबद्दल सांगितले होते का?

मूळ प्रश्नाविषयी: टेनिस एल्बोसाठी इंजेक्शन घेतलेल्यांवर ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के बरे किंवा बरेच सुधारलेले होते, तर नुसत्या खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ आणि १२ टक्के होते. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडने आराम पडतो हे खरेच आहे, आणि त्याची मोहिनी त्यातच आहे.

तिरकस_चेंडू (रात्री ९:४५)

याच आकड्यांचा अर्थ असाही होतो की जवळजवळ निम्म्या लोकांचे दुखणे उलटले नाही. मी त्या निम्म्यांत आहे.

भौतिकोपचारी (रात्री १०:०५)

मान्य आहे. परंतु आपण महिनाभर क्लब धरला नाहीत. हिरवळ यांना आठवडाभरात खेळायचे आहे, आणि दुखणे झाकून केलेल्या खेळाचीच मला अधिक भीती वाटते.

हिरवळ (रात्री १०:३०)

डॉक्टरांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. ठीक आहे, मग काय करू? आणि स्पर्धा?

भौतिकोपचारी (१६ ऑगस्ट, सकाळी ८:००)

हात टेबलावर टेकवून मनगट कडेबाहेर ठेवावे, तळहात खाली. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार सोडून, अर्धा किलोचे वजन धरून, चार-पाच सेकंदांत सावकाश खाली आणावे. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून एकदा. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखले तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते वाढलेले राहिले तर वजन कमी करावे. खाली आणण्याची क्रिया हाच औषधाचा भाग आहे, म्हणून घाई तिथे करू नये. अर्धा किलोने दुखणे सुरुवातीलाच सोसवत नसेल, तर काही दिवस मनगट न हलवता वजन नुसते स्थिर धरावे. पट्टा वापरायचा तर हाडावर नको, त्याच्या दोन बोटे खाली, स्नायूवर बांधावा. पूर्ण विश्रांतीने दुखणे शमते, परंतु कंडरा बळकट होत नाही. एकदा तपासणी मात्र करून घ्यावी.

गोल्फ एकदम सोडू नये. दुखत नसल्यास पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच होलकडे ढकलणे, आजपासून करता येईल. चार-सहा आठवड्यांत खुर्ची बिनत्रास उचलता आली, तर चिप, म्हणजे जवळचे छोटे फटके, आणि अर्धा स्विंग, तेही चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या खुंटीवर, ठेवून. लांब आयर्न आणि ड्रायव्हर हे दूरच्या फटक्यांचे क्लब सर्वांत शेवटी. बहुतेकांना पूर्ण बरे व्हायला काही महिने लागतात. सप्टेंबरअखेर अठरा होल खेळण्याचा सल्ला मी देणार नाही.

सॅनहोजेकर (सकाळी ८:५०)

साधनांबद्दल माझे मत असे की सर्वांत आधी ग्रिप बदला, कारण ते स्वस्त आणि सोपे आहे. मूठ बंद केल्यावर बोटांची टोके तळव्यात रुतत असतील, तर ग्रिप बारीक आहे. हलके ग्रॅफाइट शाफ्ट धक्का कमी पोहोचवतात असा माझा अनुभव आहे.

जुना_गडी (सकाळी ९:१०)

शाफ्ट बदलायचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. त्यापेक्षा मॅट सोडा. येरवड्याला पावसाळ्यानंतर गवतावर या, माती उडवण्याचा आनंदही मिळेल.

हिरवळ (२९ ऑक्टोबर, रात्री ८:३०)

विलंबाबद्दल क्षमस्व. इंजेक्शन घेतले नाही. तपासणीत टेनिस एल्बोच निघाला. स्पर्धेत खेळलो नाही, गुणपत्रके लिहिण्याचे काम केले, आणि तेही डाव्या हाताने लिहून पाहिले, तेव्हा दोघांचे गुण चुकले. व्यायाम दहा आठवडे चालू आहेत आणि आता दीड किलो वजनापर्यंत आलो आहे. खुर्ची उचलता येते. माउस डाव्या हाताला दिला आहे. ग्रिप जाड बसवल्या. गेल्या रविवारी पहिल्यांदा नऊ होल खेळलो, सर्व फटके सात नंबरच्या आयर्नने आणि चेंडू टीवर ठेवून, मित्रांच्या टोमण्यांसह. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडताना थोडी कळ आली, दुपारपर्यंत गेली. ही कळ सामान्य समजावी का?

भौतिकोपचारी (रात्री ९:१५)

चोवीस तासांत ओसरली असेल, तर समजावी. पुढचे दोन रविवार नऊच होल खेळावेत आणि व्यायाम सोडू नयेत. साखरेचे काय?

हिरवळ (रात्री ९:२५)

ती वेगळ्या धाग्यावर विचारेन.

डावाच_बरा (रात्री ११:५०)

धागा पूर्ण वाचला नाही, पण शीर्षकाखालच्या चर्चेत डावखुरा संच दिसला. स्टीलचे शाफ्ट काढून टाकणार असाल तर विकणार का? मी नाशिकला असतो, घ्यायला येईन.