मदत हवी आहे: थंडीत हॅमस्टर गार पडला होता, कमरेवर काळे डागही आहेत

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. लेकीच्या हट्टाने ऑगस्टमध्ये सोनेरी हॅमस्टर आणला. नर आहे, नाव लाडू. काल पहाटेपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

दोन दिवस इथे कडाक्याचा गारठा आहे आणि पिंजरा खिडकीशी होता. साडेपाचला उठले तर त्याच्या चाकाची रोजची खुडखुड नाही. भुशात गोळा होऊन पडलेला, अंग गारठगार. हलवलं तरी ढिम्म. गेलाच, असं वाटलं. लेकीला उठवणार तेवढ्यात मिशा थरथरल्या. ओंजळीत धरून बसले. एक श्वास घेतला की पुढचा येईल की नाही, असं व्हायचं. पाऊण तासाने पाय ताणले, डोळे उघडले. आता खातोय.

हे परत होईल का? शिवाय कमरेच्या दोन्ही बाजूंना मसुराएवढा काळपट डाग आहे, तिथले केस विरळ, चाटून ओले. जखम आहे का? सासूबाई म्हणतात, एकटा पडलाय, उबेला जोडीदार आणा. आणू का? जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात.

उत्तर:
ताई, तुम्ही घाई न करता हातात धरलंत, तेच योग्य केलंत. थंडी वाढली आणि खाणं कमी पडलं की हॅमस्टर असा निपचित होतो. अंगाचं तापमान उतरतं, ठोके आणि श्वास अगदी मंदावतात. अनेक जण मेला समजून पुरून टाकतात, विचारानेच कसंतरी होतं. पुन्हा झालं तर असंच हळूहळू ऊब द्या. हेअर ड्रायर नको, तोंडात पाणी घालू नका. पिंजरा आजच आतल्या भिंतीशी घ्या, खोली २० अंशांच्या आसपास ठेवा. भुसा जाड घाला, वर साध्या टिश्यूचे तुकडे टाका. कापूस घातला असेल तर काढा, त्याचे धागे पायाला गुंडाळतात.

डाग दोन्ही बाजूंना सारखे असतील तर त्या वासाच्या ग्रंथी. नरात ठळक दिसतात. त्याची नजर अधू असते, वासावरच सगळा कारभार. एकाच बाजूला सूज किंवा रक्त दिसलं तर मात्र दाखवा.

जोडीदार अजिबात आणू नका. सिरियातल्या रानात हा प्राणी बिळात एकटाच राहतो. मोठे झालेले दोघे एका पिंजऱ्यात ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात. १९३० मध्ये अलेप्पोजवळ एका बिळात मादी आणि तिची पिल्लं सापडली, आज घरोघरी असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच वंशाचे. जात तीच, स्वभावही तोच. सासूबाईंची माया खरी आहे, पण त्याला सोबत नको, ऊब हवी.

आणखी एक उत्तर:
ससे, पक्षी बघणारे डॉक्टर शोधा, ते याला हाताळतात. एकदा दाखवाच, आजारानेही अंग गार पडतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पिंजरा देवघराच्या भिंतीशी हलवला, कापूस होता तो काढला. उद्या डॉक्टरांकडे नेतेय. रात्री दहाला लाडू बाहेर आला, ज्वारी-बाजरीचे दाणे गालांत कोंबत राहिला. गाल पार खांद्यापर्यंत फुगले. मग कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी गाल दाबून सगळे दाणे टिश्यूखाली ओतले. चाक आत्ता चालू आहे.