मदत हवी आहे: प्रबंधात काव्यपंक्ती नक्की कशा द्यायच्या?

अडलंय_घोडं
अध्याय तिसऱ्यांदा परत आलाय. समासात एवढंच लिहिलंय, 'काव्यपंक्ती नीट द्या'. म्हणजे करू काय? अवतरणचिन्हं आहेत, कवीचं नाव कंसात आहे. वर्डमध्ये ओळीही विचित्र ताणल्या जातायत. सोमवारी द्यायचंय, त्यामुळे 'विद्यापीठाची नियमावली बघा' सोडून काहीही सांगा.

दंडवत
कुठले कवी? प्रबंध मराठीत की इंग्रजीत? संदर्भ द्यायची शैली कुठली: एमएलए, एपीए की शिकागो? एक उतारा जसाच्या तसा डकवा, मग बोलू.

जुना_टंक
एमएलए धरून सांगतो. तीन ओळींपर्यंत मजकूर वाक्यातच, अवतरणचिन्हांत. ओळ संपली की तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा. कडवं बदललं की दोन तिरक्या रेघा. चौथी ओळ आली की वेगळा परिच्छेद, डावीकडून अर्धा इंच आत, आणि तिथे अवतरणचिन्हं काढायची. शिकागोत साधारण दोन ओळींनाच वेगळं मांडतात. एपीए ओळी मोजत नाही, शब्द मोजते: चाळीस झाले की वेगळा परिच्छेद.

कायद्याचं_बोला
कॉपीराइट तपासलात का? भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१७ पासून मुक्त. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क राहणार. समीक्षा आणि संशोधनासाठी कलम ५२ ची सवलत आहे, पण अख्खी कविता छापलीत तर प्रश्न येऊ शकतो.

अडलंय_घोडं
कॉपीराइटचं कोणी विचारलंय? मराठी प्रबंध, संतकाव्य आणि केशवसुत, शैली एमएलए. हा घ्या उतारा:
"माझ्या मराठीचे बोल कौतुके | परी अमृतातेही पैजा जिंके |" (ज्ञानेश्वर, १२९०)

दंडवत
आता कळलं अध्याय का परत येतोय. ज्ञानेश्वरीतली ही ओवी अशी नाहीच. भाषणांत आणि शुभेच्छापत्रांत फिरणारं रूप आहे हे. प्रचलित छापील पाठ असा:
माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥ (६.१४)
'मराठीचे बोल' नव्हे, 'मराठाचि बोलु'. शिवाय तुम्ही निम्मी ओवी दिलीत आणि पुढचं गाळल्याची खूणही नाही. कंसातलं १२९० हे रचनेचं साल, तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचं नव्हे. तेही एमएलएत कंसात येत नाही. पहिल्या उल्लेखाला कोणती प्रत वापरली ते सांगा, ती संदर्भसूचीत घाला, पुढे फक्त अध्याय.ओवी. प्रत एकच धरा: वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीतले पाठ आणि ओवीक्रमांक ९०३३ ओव्यांच्या प्रचलित प्रतीशी सगळीकडे जुळत नाहीत. एक क्रमांक इथला नि दुसरा तिथला झाला की तपासणाऱ्याला ओवी सापडत नाही.

खडीसाखर
अभंगांचंही तेच. तुकारामांच्या शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत. जोगमहाराजांच्या गाथेत तोच अभंग वेगळ्या क्रमांकावर येतो. नुसतं 'तुकाराम, अभंग अमुक' लिहून भागत नाही. ॥ध्रु.॥ आणि ॥१॥ पुसू नका, कडव्याचा निर्देश त्यावरच करायचा असतो.

जुना_टंक
दंडवत, तुमच्या उदाहरणात तिरकी रेघ नाही. एमएलए म्हणजे एमएलए, चरण संपला की रेघ हवी.

दंडवत
दंड, म्हणजे '।' ही उभी रेघ, हीच चरणाची खूण आहे. '। /' असं दोन्ही टाकणं म्हणजे टोपीवर फेटा. रेघ केशवसुतांना लावा: 'एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने'.

जुना_टंक
आणि परीक्षक म्हणाले की रेघ कुठाय?

दंडवत
प्रास्ताविकात एक वाक्य: 'मूळ प्रतीतले दंड कायम ठेवले आहेत, दंड नसलेल्या कवितांत ओळ तिरक्या रेघेने तोडली आहे.' पुढे सगळीकडे तसंच पाळायचं.

खडीसाखर
'आणुनि', 'फुंकिन' ऱ्हस्वच ठेवा, ते वृत्तासाठी आहेत. स्पेलचेक 'आणुनी' करून टाकतो, तो त्या परिच्छेदापुरता बंद करा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण उद्धरणातून ते आपण काढायचे नाहीत. हातातल्या आवृत्तीत 'स्वप्राणानें' असेल तर टिंबासकट.

सूत्रधार
वर्ड सोडा, लाटेक ही टंकजुळणीची प्रणाली वापरा. व्हर्स पॅकेज, झीलाटेकमधून देवनागरी फाँट, दर पाचव्या ओळीला क्रमांक आपोआप.

अडलंय_घोडं
सोमवार म्हटलंय मी. वर्ड आहे. आणि ओळक्रमांक द्यायचे असतात का?

दंडवत
पुस्तकात छापलेले असतील तरच. स्वतः मोजू नका. मराठी संग्रहांत सहसा नसतात, मग पृष्ठक्रमांक द्या. मर्ढेकरांसारख्या शीर्षक नसलेल्या कवितेला पहिली ओळ हेच नाव.

जुना_टंक
ओळी ताणल्या जातात कारण परिच्छेद दोन्हीकडून जुळवलेला आहे आणि तुम्ही शिफ्ट-एंटर मारताय. अशी तोडलेली प्रत्येक ओळ वर्ड समासापर्यंत ओढतो. त्या परिच्छेदाला कंट्रोल-एल द्या. लांब ओळ दुमडली तर तिचा दुसरा भाग आणखी पाव इंच आत, नाहीतर ती नवी ओळ वाटते. आणि तुमच्या उताऱ्यातला '|' हा इंग्रजी कीबोर्डवरचा पाइप आहे. दंड म्हणजे युनिकोड ०९६४, दुहेरी ०९६५. शोधा-बदलात पाइपच्या जागी दंड टाका, पण तक्ते आधी बघून घ्या.

खडीसाखर
गाळलेलं दाखवायला वाक्यात तीन टिंबं. वेगळ्या परिच्छेदात अख्खी ओळ गाळली तर ओळीच्या लांबीएवढी टिंबांची रांग. कवीची स्वतःची टिंबं असतील तर तुमची चौकटी कंसात. एरवी मूळ ओळीत काही घालायचं नाही, ठळकही करायचं नाही. केलंच तर 'ठसा माझा' असं कंसात.

कायद्याचं_बोला
अवांतर: वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या यूजीसी नियमांत श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्य मोजताना वगळतात, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण तपासणीचं सॉफ्टवेअर एकेरी अवतरणचिन्हं धरेलच असं नाही, दुहेरी वापरा.

जुना_टंक
'दंड नाही' हे तुमचं आणि दंडवतांचं वेगवेगळं बरं का.

अडलंय_घोडं
बदललं. "माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥" (६.१४). प्रतीचं नाव मागच्याच पानावर दिलंय. आता चालेल?

दंडवत
चालेल. फक्त दंडाआधीच्या जागा कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने द्या. नाहीतर 'मेळवीन' ओळीच्या टोकाला राहील आणि ॥ पुढच्या ओळीवर एकटाच जाऊन बसेल.