मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरत आलाय, यातलं काय उडवलं तर चालेल?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. दुकानातला लॅपटॉप, 8 जीबी रॅम, 128 जीबीचा एसएसडी (विंडोजमध्ये 119 दिसतात), मोकळे जेमतेम 4 जीबी. सहा दिवसांपूर्वी विंडोज 10 वरून 11 वर नेलाय. विझट्रीने (कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारा प्रोग्राम) मोजलं ते असं: विंडोज.ओल्ड 21 जीबी, हायबरफिल.सिस 3.2, पेजफाइल.सिस 5, विनएसएक्सएस 9, विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर फोल्डर 4, आउटलुकची ओएसटी 11 आणि पीएसटी 6. शिवाय टॅलीप्राइमच्या डेटात 10000, 10003 अशी नुसत्या आकड्यांची फोल्डरं आहेत, काहींची तारीख चार वर्षांपूर्वीची. काय काढू?

तळमजला:
आकार बघून ठरवू नका. ही फाइल गेली तर परत कोण बनवून देणार, ते आधी बघा. विंडोज किंवा सर्व्हर बनवून देणार असेल तरच हात घाला.

विंडोज.ओल्ड म्हणजे तुमचं आधीचं विंडोज. ते जाणार, पण आज नको. विंडोज 10 वर परतायची सोय त्याच फोल्डरवर चालते आणि ती 10 दिवस असते. तोवर प्रिंटर, बारकोड स्कॅनर, टॅली, बँकेची डिजिटल सही सगळं चालवून बघा. मग सेटिंग्ज > सिस्टिम > स्टोरेज > टेम्पररी फाइल्समध्ये जुन्या विंडोजच्या ओळीवर टिक करून काढा. एक्सप्लोररमधून डिलीट मारलंत तर परवानगीवर अडतं आणि अर्धवट उरतं. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. ते तुमचं स्वतःचं फोल्डर, त्यावर चुकूनही टिक नको. 'विंडोज अपडेट क्लीनअप' दिसलं तर ते बिनधास्त काढा.

हायबरफिल ही हायबरनेटची, म्हणजे उघडं काम जपून लॅपटॉप बंद करायच्या सोयीची फाइल. ती हाताने डिलीट होत नाही. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्या, 3.2 जीबी लगेच मोकळे. बदल्यात हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप जातं, एसएसडीवर ते फारसं जाणवत नाही. पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल, मात्र राहू द्या. 8 जीबी रॅमवर ती काढली की टॅली, ब्राउझर आणि आउटलुक एकत्र उघडल्यावर काहीतरी बंद पडणारच.

निळी_शाई:
धन्यवाद. इन्स्टॉलर फोल्डरमधल्या फाइलींची नावं 3एफ2ए1 अशी काहीतरी आहेत. कचराच वाटतो. आणि विनएसएक्सएसचं काय?

ओसरी:
दोन्हींना हात लावू नका. इन्स्टॉलरमधल्या त्या एमएसआय आणि एमएसपी फाइली म्हणजे तुमच्या प्रोग्रामांच्या मूळ प्रती. आज काढल्या तर आज काहीच बिघडत नाही, म्हणून माणूस फसतो. पुढे कधी तो प्रोग्राम अपडेट, दुरुस्त किंवा काढायला गेलात की विंडोज तीच फाइल मागतं आणि काम तिथेच अडतं. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्या तरी तेच. जागा हवी असेल तर न लागणारे प्रोग्रामच रीतसर अनइन्स्टॉल करा.

विनएसएक्सएस म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा, आणि त्याचे दिसतात तेवढे जीबी खरे असतीलच असं नाही. तिथल्या बऱ्याच फाइली आणि सिस्टिम32 मधल्या फाइली म्हणजे डिस्कवरची एकच वस्तू, तिला दोन नावं. एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. वर सांगितलेलं अपडेट क्लीनअप त्यातलं जुनं काढतं, तेवढं पुरे.

तळमजला:
टॅलीबद्दल कळकळीने सांगतो: ती आकड्यांची फोल्डरं म्हणजे एकेका कंपनीची वह्या-खाती. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर नावाशेजारी तोच आकडा दिसतो, जुळवून बघा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, म्हणजे चार वर्षं जुनं फोल्डर अजून मुदतीत आहे. आणि ते हटवून मिळणार किती? प्रत्येकी फार तर काहीशे एमबी. हलवायचंच असेल तर ऑल्ट+वाय दाबून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून एखादं व्हाउचर उघडून बघा, मगच मूळ काढा.

ओसरी:
आउटलुकचं राहिलं. पीएसटीला अजिबात हात नको, जुनी मेल बहुधा फक्त तिच्यातच असते. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत. अकाउंट सेटिंग्जमध्ये ऑफलाइन मेल किती काळाची ठेवायची ती पट्टी एक वर्षावर आणा. फाइल तेवढ्याने आक्रसत नाही. आउटबॉक्स रिकामा आहे ना ते बघा, आउटलुक बंद करा, ओएसटीचं नाव बदला आणि आउटलुक पुन्हा उघडा. नवी लहान फाइल तयार होते. सगळं नीट दिसलं की जुनी काढा. एक अडचण आहे: खातं आयमॅप (सर्व्हरवरून फक्त मेल जुळवून घेणाऱ्या प्रकारचं) असेल तर कॅलेंडर आणि संपर्कांपुढे 'धिस कंप्युटर ओन्ली' लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ते सर्व्हरवर नाहीत, आधी एक्स्पोर्ट करून घ्या.

निळी_शाई:
खातं आयमॅपच आहे आणि संपर्कांपुढे तेच लिहिलंय. आधी एक्स्पोर्ट करते. विंडोज.ओल्ड 10 दिवस झाल्यावर.