क्रॉफिश बॉइल, चाळीस माणसं: भांडं, बर्नर आणि मसाला कोणता घ्यावा?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनमध्ये एप्रिलमध्ये घराच्या मागच्या अंगणात क्रॉफिश बॉइल (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे कवचवाले क्रॉफिश मसाल्याच्या पाण्यात मोठ्या भांड्यात उकळून सगळ्यांनी खायचे) करायचं आहे. एकूण चाळीस माणसं, त्यातली बारा शाकाहारी. खाणाऱ्यांतले निम्मे पहिल्यांदाच क्रॉफिश खाणार आहेत. सगळं सामान नव्याने घ्यायचं आहे, तर हे सांगा:

भांडं 80 क्वार्टचं की 100 क्वार्टचं? ॲल्युमिनियम की स्टील? बर्नर किती ताकदीचा? मसाला पावडरचा घ्यावा की लिक्विड? आपले घरचे मसाले चालतील का? आणि पोती किती सांगू?

बायूकाठ
आधी पोती. एक पोतं साधारण 30 ते 35 पौंडांचं असतं. लुइझियानात खाणारा माणूस सहज 4-5 पौंड संपवतो, पण सोलायची सवय नसलेल्याला 2-3 पौंड पुरे होतात, कारण शेपटीचं मांस वजनाच्या जेमतेम 15 टक्के निघतं. तुमच्याकडे 28 खाणारे, शिवाय बटाटे, मका, सॉसेज. दोन पोती सांगा. 'सिलेक्ट' म्हणजे निवडलेला मोठा माल, 'फील्ड रन' म्हणजे शेतातून येईल तसा लहानमोठा मिसळलेला. नवख्यांसाठी सिलेक्टचे जास्तीचे पैसे मोजा. बारीक माल सोलता सोलता माणूस कंटाळतो.

एप्रिल महिना चांगला निवडलात. जानेवारी-फेब्रुवारीत माल लहान आणि पातळ कवचाचा असतो, मेअखेर कवच टणक होतं आणि मसाला आत शिरायला वेळ लागतो.

भांडं 100 क्वार्टचंच घ्या, म्हणजे सुमारे 95 लिटर. 80 क्वार्टच्या भांड्यात एक पोतं मावतं, पण वर बटाटे-मका टाकले की पाणी काठाशी येतं, ढवळायला जागा उरत नाही आणि फेस उतू जातो. ॲल्युमिनियम चांगलं: हलकं, स्वस्त, लवकर तापतं. मात्र लिंबू आणि मीठ घातलेलं पाणी त्यात रात्रभर ठेवू नका, धातूला खड्डे पडतात. काम संपलं की लगेच रिकामं करून धुवा. स्टील टिकतं जास्त, पण या मापात ते महाग आणि जड. वर्षातून दोनदा वापरणार असाल तर त्याची गरज नाही.

सोबत लागेल ते: भांड्यात बसणारी भोकांची बास्केट (तिचा हँडल हलवून बघा, रिबिट ढिले असतील तर घेऊ नका, भरलेली बास्केट 50 पौंडांच्या वर जाते), निदान 3 फूट लांबीचं पॅडल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पाण्याचा होज, दोन मोठी टब.

निळी_आच
बर्नरबद्दल मी लिहितो, कारण बहुतेकांचं बॉइल इथेच बिघडतं.

एका पोत्याला साधारण 40 लिटर पाणी लागतं. टर्की तळायचा 50-60 हजार बीटीयूचा (बीटीयू म्हणजे बर्नरच्या ताशी उष्णतेचं माप) बर्नर ते पाणी अर्ध्या-पाऊण तासात उकळवतो, त्यामुळे लोकांना वाटतं की तो पुरे. खरी परीक्षा पुढे असते. उकळत्या पाण्यात 16 किलो थंडगार क्रॉफिश पडले की उकळी बसते. छोट्या बर्नरवर ती परत फुटायला 12-15 मिनिटं जातात आणि तेवढा वेळ माल गरम पाण्यात शिजत राहतो. तुम्ही घड्याळ उकळी फुटल्यापासून लावता, पण तोवर मांस कवचाला चिकटलेलं असतं. म्हणून सव्वा-दीड लाख बीटीयूच्या वरचा, हाय प्रेशरचा बर्नर बघा. 10 इंची बँजो बर्नर (गोल, पसरट तोंडाचा) बहुतेक जण वापरतात. आवाज कमी, आच पसरट, भांड्याचा तळ एका जागी जळत नाही. जेट बर्नर भसाभसा तापवतो, पण त्याची आच मधोमध एकवटते. रेग्युलेटर कमीजास्त करता येणारा, 0-20 किंवा 0-30 पीएसआयचा (गॅसच्या दाबाचं माप) हवा. घरच्या ग्रिलचा लो प्रेशर रेग्युलेटर इथे चालत नाही.

स्टँड रुंद पायांचं आणि बुटकं घ्या. भरलेल्या भांड्याचं वजन सव्वाशे पौंडांच्या पुढे जातं.

आता नेहमी येणाऱ्या अडचणी:

आच अचानक मंद झाली तर बहुतेक वेळा सिलिंडरच्या जोडणीतली सुरक्षा झडप बसलेली असते. बर्नरची कळ उघडी ठेवून सिलिंडर भसकन उघडला की झडपेला गळती झाल्यासारखं वाटतं आणि ती गॅस अडवते. सगळं बंद करा, जोडणी सोडवा, एक-दोन मिनिटं थांबा, परत जोडा. बर्नरची कळ बंद असताना सिलिंडर हळूहळू उघडा, मग बर्नर पेटवा.

ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडते आहे. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेची चकती असते, ती थोडी उघडा. वर्षभर पडून असलेल्या बर्नरच्या नळीत कोळी किंवा गांधीलमाशी घर करते, तेही तारेने साफ करा.

सिलिंडरवर बर्फ धरला तर गॅस संपला असं समजू नका. जोरात गॅस खेचला की आतलं प्रोपेन थंड होतं आणि दाब पडतो. दुसरा भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. 20 पौंडांचा एक सिलिंडर लाख बीटीयूच्या आचेवर चारेक तास पुरतो, पण शेवटच्या पावभागात दम राहत नाही.

गॅरेजमध्ये किंवा पत्र्याखाली पेटवू नका, दार उघडं असलं तरीही नाही. कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि बास्केट पाण्यात सोडताना आच पूर्ण बंद करा, मग सोडा, मग पेटवा. उतू गेलेलं मसाल्याचं पाणी पेटत्या बर्नरवर पडलं की काय होतं ते कुणाला बघायला लागू नये.

मीठभाकर
मंडळी, फारच नेमकं लिहिलंत, धन्यवाद. एक शंका: आधी मिठाच्या पाण्यात ठेवून क्रॉफिशचं पोट साफ करावं असं बरेच जण सांगतात. किती मीठ घालायचं?

बायूकाठ
काहीच नाही. मिठाने पोट साफ होत नाही, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा कृषी विभागही हेच सांगतो. मिठाने फक्त जनावर मरतं. खरं पोट साफ करायला त्यांना स्वच्छ पाण्यात दिवस-दोन दिवस उपाशी ठेवावं लागतं. ते उत्पादक करतात आणि तो माल 'पर्ज्ड' म्हणून विकतात. आपण फक्त वरचा चिखल धुवायचा. पोतं टबात ओता, होजने पाणी सोडा, हाताने वरखाली करा, गढूळ पाणी ओतून द्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत, साधारण तीन-चार वेळा. मेलेले, गवत, आमिषाचे तुकडे काढून टाका.

आणलेलं पोतं आइस चेस्टमध्ये, वर बर्फाची पिशवी, खालचा बूच उघडा ठेवून. पाण्यात बुडवून ठेवलंत तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि सगळे गुदमरतात. त्याच चेस्टमध्ये नंतर शिजलेले भरू नका. कच्च्या मालाचे जंतू गरम मालावर चढतात. भरायचेच असतील तर आधी साबणाने घासा.

तिखटजाळ
आता मसाला. ताई, यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते: चव उकळताना लागत नाही, आच बंद झाल्यावर मुरताना लागते. उकळी फक्त शिजवण्यापुरती असते.

पावडर की लिक्विड? दोन्ही, पण वेगवेगळ्या कामाला. पावडरमध्ये मीठ, लाल तिखट, लसूण-कांद्याची पूड असं सगळं असतं आणि घटकांत मीठ बहुतेक पहिलंच असतं. लिक्विड म्हणजे मसाल्यांचा तीव्र अर्क, वास आणि झणका त्यातून येतो. पावडर वापरत असाल तर वेगळं मीठ घालू नका, आधी पाणी चाखा. नुसतं लिक्विड वापरलंत तर मीठ तुम्हालाच घालायचं आहे.

40 लिटर पाण्याला, म्हणजे एका पोत्याला, माझं प्रमाण असं:
पावडर 4 ते साडेचार पौंड (पूर्ण पोत्यासाठीचा मोठा डबा), लिक्विड 1 कप, लिंबं 12 अर्धी करून पिळून सालांसकट, कांदे 8 अर्धे करून, लसणाचे 12 गड्डे आडवे कापून, तमालपत्रं मूठभर. नवखे आहेत म्हणून जास्तीचं केयेन (लाल मिरचीची झणझणीत पूड) पहिल्या घाण्यात घालू नका.

मसाल्याच्या कंपन्यांत झॅटरेन्स ही न्यू ऑर्लिन्सची, 1889 पासूनची. तिच्यात लवंग-ऑलस्पाइसचा वास ठळक. लुइझियाना फिश फ्राय बॅटन रूजची, ती मला जरा जास्त खारट लागते. ओल्ड बे घेऊ नका. मसाला उत्तम, पण तो मेरीलँडच्या खेकड्यांचा, सेलेरीच्या वासाचा.

घरचे मसाले? गरम मसाला, गोडा मसाला नको, वेलची-दगडफूल त्या पाण्यात परकं वाटतं. पण पारंपरिक बॉइलच्या पिशवीत काय असतं बघा: मोहरी, धणे, बाळंतशोप, तमालपत्र, ऑलस्पाइस, लवंग, लाल मिरची. ऑलस्पाइस सोडलं तर सगळं आपल्या डब्यात सापडतं. स्वतः करायचं तर 40 लिटरला मोहरी 1 कप, धणे 1 कप, बाळंतशोप अर्धा कप, ऑलस्पाइस पाव कप, लवंग 2 मोठे चमचे, सगळं अख्खंच, न भाजता, मलमलीच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून. वर तिखट दीड कप आणि मीठ 2 पौंड. तिखटातलं अर्धं काश्मिरी घेतलंत तर रंग येतो आणि जाळ आवाक्यात राहतो.

क्रम असा. पाण्यात मसाला, लिंबं, कांदा, लसूण घालून 10 मिनिटं उकळा. तिखट टाकताना वाऱ्याच्या पाठीशी उभे राहा, नाहीतर ठसका लागून अंगण रिकामं होईल. मग लाल छोटे बटाटे, 12 मिनिटं. ते सुरीला लागायला आले की आच बंद, क्रॉफिश आत, परत पूर्ण आच. उकळी खदखदून फुटली की 3 मिनिटं मोजा. आच बंद.

इथे थंड करायचं. गोठवलेले मक्याचे तुकडे आत टाका आणि भांड्याच्या बाहेरच्या बाजूवर होजने पाणी मारा, पाच मिनिटं तरी. पाणी आत जाऊ द्यायचं नाही. असं केल्याने शिजणं थांबतं आणि माल हळूहळू पाणी पिऊन खाली बसायला लागतो. वर तरंगणारे बुडू लागले की मसाला आत शिरतोय असं समजा. सॉसेज आणि मशरूम याच वेळी. मशरूम फार लवकर पितात, पहिल्यांदा चाखायला तेच काढा.

15 मिनिटांनी एक क्रॉफिश सोलून चाखा, मग दर पाच मिनिटांनी. साधारण 20 ते 30 मिनिटांत बेत जमतो. मधूनमधून खालून वर ढवळा, कारण तिखटाचा लाल तवंग वरच राहतो आणि वरचे जहाल, खालचे फिके निघतात. न थंडवता तसंच झाकून ठेवलंत तर तेवढ्याच वेळात मांस पिठूळ होऊन कवचाला घट्ट धरतं.

मीठभाकर
ताई, हे छापून भांड्याशेजारी लावणार आहे! शेपटी सरळ असलेला क्रॉफिश फेकायचा का? आणि बारा शाकाहारींचं काय करू?

तिखटजाळ
सरळ शेपटी म्हणजे आधीच मेलेला असं दर वेळी नसतं. भांड्यात दाटी झाली तरी ती वळत नाही. सोलून बघा. मांस घट्ट असेल तर खा, लगदा झालेलं असेल किंवा वास येत असेल तर टाका.

शाकाहारींसाठी दुसरं भांडं हवंच, 30-40 क्वार्टचं, वेगळ्या बर्नरवर, पॅडलही वेगळं. मसाला तोच चालतो, डब्यावरचे घटक वाचून घ्या. 15 लिटर पाण्याला वरच्या प्रमाणाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी घ्या, कारण बटाटा आणि मका क्रॉफिशपेक्षा कितीतरी जास्त तिखट ओढतात. बटाटे, मका, मशरूम, फ्लॉवरचे मोठे तुरे, घट्ट टोफू. फ्लॉवर आच बंद केल्यावरच, नाहीतर विरघळतो. वर लसूण-लोण्याचं सॉस: 1 पौंड लोणी, 3 गड्डे बारीक चिरलेली लसूण, मंद आचेवर लसूण फक्त मऊ होईपर्यंत, मग लेमन पेपर, चमचाभर तिखट, संत्र्याचा रस. ह्यूस्टनच्या बेलेअर बुलेवार्डवरच्या व्हिएतनामी दुकानांनी ही पद्धत गाजवली. अर्धं सॉस शाकाहाऱ्यांना वेगळं काढून उरलेल्यात क्रॉफिशचा एखादा ट्रे घोळवा.

ज्यांना शेलफिशची ॲलर्जी आहे त्यांना आधीच विचारा. काहींना वाफेचाही त्रास होतो, त्यांची बसायची जागा भांड्यापासून लांब.

निळी_आच
पोतं पाणी गळून टेबलावर ओतलं की वर सुकी पावडर भुरभुरवतात, टेक्सासमध्ये हे बरंच दिसतं. मला विचाराल तर नको. ती कवचावर राहते, ओठ आणि बोटं जळतात, मांस फिकंच.

मीठभाकर
शेवटचं: दुसऱ्या पोत्याला पाणी बदलायचं का?

बायूकाठ
बदलू नका, तेच पाणी जास्त चवदार असतं. गाळणीने कांदा-लिंबाच्या साली काढा, कमी झालं तेवढं पाणी घाला, मसाला पहिल्याच्या निम्मा. चाखून मगच वाढवा. मीठ साठत जातं, म्हणून दुसऱ्या घाण्याला पावडर थोडी कमी आणि लिक्विड थोडं जास्त. बटाटे मात्र पहिल्याच घाण्यात सगळे शिजवून घ्या, दुसऱ्या पाण्यातले लहान मुलांना खाववणार नाहीत. पाणी परत उकळायला धरून दुसरा घाणा टेबलावर यायला तासभर लागतो, तेव्हा पहिला ओतल्या ओतल्या बर्नर पेटवा.

तिसरा घाणा निघेल असं वाटलं तरी त्या पाण्यात करू नका, गढूळ होतं. ते गवतावर ओतू नका, मिठाने लॉन पिवळं पडतं. थंड करून, गाळून घरातल्या ड्रेनमध्ये. कवचं दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, एप्रिलच्या उन्हात एका दिवसात वास सुटतो. उरलेले क्रॉफिश त्याच रात्री सोलून, डोक्यातल्या पिवळ्या चरबीसकट डब्यात भरा. दोन दिवसांत भातावर एतुफे (लुइझियानाची दाट रश्श्याची डिश) करता येतं.